हृदयारोपणाचा सव्वीस वर्षांचा वनवास

सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस मुंबईच्या ज्या शेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात शिकले, त्याच महाविद्यालयाच्या के. ई. एम. रुग्णालयात फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयारोपण केले. दक्षिण आफ्रिकेत डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी जगातील पहिले मानवी हृदयारोपण केले ते ३ डिसेंबर १९६७ रोजी. म्हणजे मुंबई जगाच्या जेमतेम अडीच महिने मागे होती, आणि तीही महापालिकेच्या रुग्णालयात!

हे धाडस आयत्या वेळचे नव्हते. सेन यांनी कुत्र्यांवर हृदयारोपणाचे प्रयोग केले होते. १९६५ मध्ये मूत्रपिंडाचे आरोपणही करून पाहिले होते. सर्पाच्या हृदयाच्या स्नायूला आतील पोकळीतूनच थेट रक्त मिळते. तसा मार्ग मानवी हृदयात काढता येईल काय, याचाही त्यांनी शोध घेतला.

मात्र त्यांचा रुग्ण काही तासच जगला. देशातील पहिले यशस्वी हृदयारोपण त्यानंतर थेट ऑगस्ट १९९४ मध्ये, दिल्लीत डॉ. वेणुगोपाल यांच्या हातून झाले. मधली सव्वीस वर्षे कोठे गेली? शरीराने परका अवयव नाकारू नये यासाठीचे सायक्लोस्पोरिन हे प्रभावी औषध १९८० नंतरच्या दशकात आले, हे खरे. परंतु औषध आल्यावरही मेंदूमृत्यूला कायद्याची मान्यता नव्हती. धडधडते हृदय काढणाऱ्या शल्यविशारदाच्या पाठीशी कोण उभे राहणार? मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा झाला १९९४ मध्ये. सेन १९८२ मध्येच निवर्तले होते.

या कायद्याने अवयवांची विक्री गुन्हा ठरविली, हे योग्यच झाले. पण त्यामुळे अर्थशास्त्राचा नेहमीचा नियम येथे लागू पडत नाही. किंमत वाढवून हा पुरवठा वाढत नाही; तो अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या संमतीवर अवलंबून असतो. चार डॉक्टरांचे मंडळ सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून मेंदूमृत्यू जाहीर करते. काढलेले हृदय साधारणपणे चार तासच टिकते, आणि सोलापूरहून पुणे सुमारे अडीचशे किलोमीटर दूर आहे. दुःखाच्या त्या घटकेला प्रथमच विचार करू लागणाऱ्या कुटुंबाकडून होकाराची अपेक्षा कशी करावी? हे बोलणे घरात आधीच झालेले असले पाहिजे.

सेन यांच्यापाशी कौशल्य होते. औषध आणि कायदा यांची साथ त्यांना लाभली नाही. आज ती दोन्ही आहेत. उरलेले काम शल्यविशारदांचे नाही, ते तुमच्याआमच्या घरातले आहे.