शेजारच्या प्रवाशाचे मन
कांदिवलीहून चर्चगेटला जाणाऱ्या लोकलमध्ये वर्षानुवर्षे भेटणाऱ्या, चेहऱ्याने ओळखीच्या पण नावाने अज्ञात सहप्रवाशासारख्या माणसांसाठी स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये ‘परिचित अनोळखी’ ही संज्ञा वापरली. दुसऱ्याचे हेतू, इच्छा व समजुती ताडण्याची क्षमता, म्हणजेच ‘मनाचा सिद्धांत’, येथे हमखास फसते, कारण प्रत्येक जण शेजाऱ्याच्या मौनाचा अर्थ अनिच्छा असा लावतो आणि स्वतःही गप्प राहतो. निकोलस एप्ली व ज्युलियाना श्रोडर यांच्या, शिकागोतील रेल्वे प्रवाशांवरील २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अनोळखी व्यक्तीशी बोललेल्यांचा प्रवास, इतरांनी वर्तवलेल्या अंदाजाच्या अगदी उलट, अधिक सुखाचा ठरला. डब्यातील भजनी मंडळे आणि दसऱ्याची पूजा यांतून मुंबईकरांनी हेच फार सुंदर रीतीने साधले आहे. वाचकांनी पुढच्या प्रवासात शेजाऱ्याला नाव जरूर विचारावे.