हवा कोंडता येते, उष्णतेचं काय?

एका वाचकाचा प्रश्न आहे: ‘हवा फुकट मिळते. ती जमिनीखाली कोंडून वीज करतात म्हणे, मग ती वीज स्वस्त का नाही?’ प्रश्न भाबडा वाटला तरी मेख तिथेच आहे.

जर्मनीत हुंटोर्फला १९७८ पासून असं केंद्र चालू आहे. जमिनीखाली ६५० ते ८०० मीटरवर असलेल्या मिठात पाणी सोडून, खारं पाणी उपसून दोन पोकळ्या कोरल्या आहेत. एकूण जागा सुमारे ३ लाख घनमीटर. मीठच का? तर त्या खोलीवरच्या दाबाने ते अतिशय सावकाश सरकतं, त्यामुळे भेग पडली तरी बुजते. (पोकळी फार रिकामी केली तर हाच गुण अंगाशी येतो, ती आकसू लागते!)

मला भुरळ पडते ती टर्बाइनच्या युक्तीची. नेहमीच्या गॅस टर्बाइनची जवळपास दोन तृतीयांश ताकद स्वतःचाच कॉम्प्रेसर फिरवण्यात जाते. हुंटोर्फच्या अभियंत्यांनी हवा दाबणं आणि वीज करणं ही कामं वेगळी केली. रात्री मागणी उतरली की हवा दाबायची आणि गरजेच्या वेळी तिच्यासोबत गॅस जाळायचा.

पण गॅस हवाच कशाला? सायकलमध्ये हवा भरताना पंप तापतो, तसंच इथे होतं. पोकळीत सोडण्यापूर्वी ती हवा थंड करतात, म्हणजे उष्णता गेली. बाहेर येऊन फुगताना हवा गारठते, म्हणून ती पुन्हा तापवायची. हुंटोर्फला १ युनिट विजेमागे ०.८ युनिट वीज आणि १.६ युनिट गॅसची उष्णता लागते. ‘हवेची बॅटरी’ म्हणून मिरवणारं हे केंद्र खरं तर गॅसवरच चालतं. अमेरिकेत अलाबामातल्या मॅकिंटॉश केंद्राने (१९९१) टर्बाइनच्या गरम धुरावरच हवा तापवली आणि गॅस १.२ युनिटच्या आसपास आणला.

दाबताना निघालेली उष्णताच राखून ठेवली तर? जर्मनीचा ‘आडेले’ प्रकल्प त्यासाठीच होता, तो उभाच राहिला नाही. चीनमध्ये जिआंग्सू प्रांतातल्या जिनतानला मात्र २०२२ मध्ये ६० मेगावॉटचं केंद्र गॅस न जाळता सुरू झालं.

आपल्याकडे असं करता येईल का? सह्याद्रीखाली बेसॉल्ट आहे, मिठाचे थर नाहीत. उंच कडे मात्र आहेत. घाटघरला पाणी वर चढवून वीज साठवण्याची २५० मेगावॉटची सोय आधीच झाली आहे, तेव्हा आपल्याला तूर्त पाणीच बरं. आणि हवेच्या विजेची पुढची बातमी वाचाल तेव्हा मेगावॉटच्या आकड्याने हुरळू नका. उष्णता कुठे ठेवली आहे, ते आधी शोधा.