शटर उतरल्यानंतरचा खर्च

नागपूर–वर्धा लोहमार्गावरील सिंदी (रेल्वे) येथे रात्री दुकानाचे शटर उतरते. परंतु गल्ल्याशेजारील बिलाच्या टचस्क्रीन यंत्राचा पडदा उजळलेलाच राहिला, तर मीटर फिरतच राहते. १० वॅटचा पडदा रोज १४ तास विनाकारण चालू राहिल्यास वर्षाला सुमारे ५१ युनिट व्यर्थ जातात. विदर्भात त्यासाठी कोराडीसारख्या औष्णिक केंद्रांत कोळसा जळतो.

साध्या एलसीडी पडद्यामागील दिवा काळ्या चित्रामागेही जळत असतो. म्हणून स्क्रीनसेव्हरने बचत साधत नाही. गिऱ्हाईक नसताना पडदा एका मिनिटात आपोआप विझेल, अशी वेळ सेटिंगमध्ये ठरवावी. बहुतेक यंत्रे त्या निद्रावस्थेतून स्पर्शाने वा बटणाने तत्काळ जागी होतात. रात्री मात्र यंत्र रीतसर बंद करून भिंतीवरील बटणही बंद करावे. पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या पेढीने ही गळतीही खर्चात मांडावी.