मालमोटार आहे, हांकणारा नाहीं

नागपुराच्या उत्तरेस वीस-पंचवीस किलोमीटरांवर, सावनेर तालुक्यांत, खापरखेडा हें गांव आहे. त्याला खेडें म्हणावें, तर तेथें औष्णिक वीजकेंद्राचीं उंच धुरांडीं उभीं आहेत. आणि शहर म्हणावें, तर त्या धुरांड्यांच्या सावलीपलीकडे लगेच कापसाचीं व तुरीचीं शेतें लागतात. वीजकेंद्राच्या पांच संचांची एकंदर क्षमता १,३४० मेगावॅट आहे. जवळच सिल्लेवाडा, वलनी अशीं कोळशाच्या खाणींमुळें नांवारूपास आलेलीं गांवें आहेत, आणि थोड्या अंतरावर कन्हान नदी व तिची वाळू. कोळसा, राख, वाळू आणि विटा वाहणाऱ्या मालमोटारींची या टापूंत सदैव वर्दळ असते. अशा ठिकाणीं ‘मालमोटार हांकायला माणूस मिळत नाहीं’ असें कोणी म्हटलें, तर नवख्या प्रवाशाला तें खरेंच वाटणार नाहीं. परंतु हा प्रश्न समजून घेण्यास खापरखेड्याइतकें सोयीचें ठिकाण दुसरें क्वचितच सांपडेल; कारण वाहनांची रेलचेल आणि चालकांचा तुटवडा या दोन्ही गोष्टी एकाच रस्त्यावर कशा नांदतात, तें येथें उमगतें.

देशांत सुमारें २२ लाख कुशल चालकांची उणीव आहे, असें केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री व नागपूरचे खासदार नितीन गडकरी यांनीं २०२५ सालीं सांगितलें. बावीस लाख हा आंकडा एवढा मोठा आहे कीं, ऐकणाऱ्याच्या मनावर त्याचा कांहींच ठसा उमटत नाहीं. तुटवडा म्हणजे चाकें थांबणें नव्हे. चाकें फिरतच असतात. तुटवडा म्हणजे रांग. आणि रांग लागली कीं खरा प्रश्न एवढाच उरतो, कीं तिच्या शेवटीं कोणाला उभें केलें जातें.

चालकाच्या बाजूनें पाहिल्यास हें उत्तर अवघड नाहीं. खाणींतून वीजकेंद्राकडे किंवा राखेच्या तलावाकडून वीटभट्टीकडे होणारी खेप आंखूड असते. काम बारमाही असतें, आणि मुख्य म्हणजे माणूस रात्रीं आपल्या घरीं येऊन झोंपूं शकतो. राखेच्या वाहतुकीला तर कायद्याचेंही पाठबळ आहे. ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेनें औष्णिक वीजकेंद्रांवर आपली सर्व राख उपयोगांत आणण्याची जबाबदारी टाकली. म्हणजे जी राख पूर्वीं तलावांत पडून राहिली असती, तिलाही आतां वाहन लागतें. याउलट संत्र्यांची गाडी. तिची खेप वर्षांतून कांहीं महिनेच. बागेपर्यंतचा रस्ता कच्चा, भरणीस लागणारा वेळ अनिश्चित, आणि दिल्लीचा बाजार सुमारें अकराशें किलोमीटर दूर. तेथें माल उतरल्यावर परतीचें भाडें मिळालें तर मिळालें, नाहीं तर दोन-दोन दिवस गाडींतच मुक्काम. ज्याला निवड करतां येते असा चालक कोणतें काम पत्करील, हें सांगावयास नको. त्यांत त्याचा दोषही नाहीं. शेतकऱ्याचा माल रांगेच्या शेवटीं जातो तो कोणी ठरवून नव्हे. तो थोडा असतो, हंगामी असतो व त्याची वेळ कोणाला सांगतां येत नाहीं, एवढेंच त्याचें कारण.

संत्र्याच्या बाबतींत ही रांग फार महागांत पडते. नागपुरी संत्र्याला २०१४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. पण फळाचा स्वभाव मानांकनानें बदलत नाहीं. काटोल, नरखेड, कळमेश्वर व सावनेर या बाजूच्या बागांना दोन बहार येतात. आंबिया बहाराचें फळ साधारणतः ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत तोडणीस येतें, आणि मृगाचें फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत. पुष्कळ बागाईतदार फळ झाडावर असतांनाच व्यापाऱ्याला उक्तें विकतात. अशा सौद्यांत तोडणीचे मजूर व्यापारी आणतो, गाडीही तोच ठरवितो. गाडी वेळेवर आली नाहीं, तर तो तोडणी पुढें ढकलतो. पिकलेलें फळ झाडावर थांबत नाहीं. तें गळूं लागतें. मग व्यापारी परत येतो तो भाव पाडण्यासाठींच, आणि आलेला विसार हातीं घेऊन बसलेल्या बागाईतदाराला नवें गिऱ्हाईक शोधण्यास सवड नसते. जो बागाईतदार स्वतः तोडून कळमना बाजारांत माल नेतो, त्याची अडचण निराळी. त्याचे मजूर सकाळीं येऊन बसतात, फळ तोडून ढीग लागतो, आणि गाडी संध्याकाळपर्यंत येत नाहीं. मजुरी मात्र पुरी द्यावी लागते.

लोकांचा साधारण समज असा कीं, चालक मिळेनासे झाले म्हणजे भाडें वाढतें आणि तेंच शेतकऱ्याचें नुकसान. हा समज अर्धाच खरा आहे. केवळ समजुतीसाठीं एक हिशेब मांडावा. एका गाडींत दहा टन, म्हणजे दहा हजार किलो संत्रीं आहेत. भाडें पांच हजार रुपयांनीं चढलें, तर किलोमागें पन्नास पैसे वाढले. हें सोसतां येईल. परंतु तीच गाडी दोन दिवस उशिरा पोंचल्यामुळें फळ मऊ पडलें व किलोमागें चार रुपये कमी आले, तर चाळीस हजार रुपये गेले. वाढलेलें भाडें निदान पावतीवर दिसतें. उशिराची किंमत कोणत्याच कागदावर लिहिली जात नाहीं. म्हणूनच शहरांतल्या गृहिणीला फळ महाग मिळतें आणि त्याच आठवड्यांत बागाईतदाराला तें स्वस्तांत द्यावें लागतें, हा चमत्कार घडतो. मधल्या रकमेपैकीं बराच भाग कोणाच्याच खिशांत जात नाहीं. तो वाटेंत नासतो.

इतर धंद्यांची गोष्ट थोडक्यांत सांगण्यासारखी आहे. कापूस नासत नाहीं, पण जिनिंगच्या आवारांत सरकी व गांठी सांचून राहिल्या म्हणजे कारखानदार नवा कापूस घेण्यास हात आंखडता घेतो, आणि बैलबंडी घेऊन आलेला शेतकरी ताटकळतो. खताचें याहून कठीण. युरिया रेल्वेनें भरभरून येतो, परंतु रेल्वेच्या धक्क्यापासून खेड्यांतील कृषि-केंद्रापर्यंतचा शेवटचा टप्पा मालमोटारीचाच असतो. आणि पेरणीचे दिवस कोणासाठीं थांबत नाहींत. ज्यानें हप्त्यावर गाडी घेतली, तो लहान मालक तर दोन्हीकडून भरडला जातो. गाडी दारांत उभी राहिली तरी बँकेचा हप्ता, विमा आणि कर चालूच असतात. असा मालक शेवटीं स्वतःच चाकामागें बसतो, किंवा गाडी विकून मोकळा होतो.

हें सर्व रोजच्या व्यवहारांत झांकलेलें राहतें. तें उघडें पडलें दोन प्रसंगीं. पहिला प्रसंग २०२० च्या मार्च महिन्यांतील टाळेबंदीचा. मालवाहतुकीला नंतर परवानगी होती, गाड्याही होत्या. परंतु ढाबे बंद, दुरुस्तीचीं दुकानें बंद, आणि रस्त्यांत अडकलेले चालक गाडी सोडून मिळेल त्या मार्गानें घरीं गेलेले. नेमका तोच मृगबहाराच्या तोडणीचा काळ होता. परवाना असून माणूस नसेल तर माल हलत नाहीं, हें त्या वेळीं सर्वांना कळलें. दुसरा प्रसंग १ व २ जानेवारी २०२४ चा. डिसेंबर २०२३ मध्यें संमत झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मधील दुसऱ्या पोटकलमानें, अपघातांत माणूस दगावल्यावर खबर न देतां पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत कैद व दंड सांगितला. जुन्या कायद्यांत निष्काळजीपणानें मृत्यू घडविल्याबद्दल दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. ‘थांबलों तर जमाव मारील, आणि निघालों तर दहा वर्षें’ असा चालकांचा आक्षेप होता. महाराष्ट्रासह अनेक राज्यांत त्यांनीं गाड्या उभ्या केल्या, आणि एका दिवसांत शहरोशहरींच्या पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. वाटाघाटींनंतर संप मिटला. पुढें १ जुलै २०२४ रोजीं ही संहिता अंमलांत आली तेव्हां तें पोटकलम मात्र बाजूला ठेवण्यांत आलें. ज्या माणसाकडे एरवीं कोणी ढुंकूनही पाहत नाहीं, त्याच्यावांचून शहराचा एक दिवसही जात नाहीं, असें त्या दोन दिवसांनीं दाखविलें.

मग हे लोक कमी कां झाले? रोजगाराची ओरड असलेल्या देशांत चालक मिळूं नयेत, हें कोडेंच आहे. कमी वेतन, दूरचा मुक्काम, वाटेंतील अडवणूक हीं कारणें सर्वांना ठाऊक आहेत. मुलीचे वडील ट्रक-ड्रायव्हराचें स्थळ नाकारतात, हेंही खेड्यापाड्यांत ऐकूं येतें. परंतु एका कारणाकडे फारसें लक्ष जात नाहीं. तें म्हणजे क्लीनरचें नाहींसें होणें. पूर्वीं प्रत्येक मालमोटारीवर ड्रायव्हराच्या जोडीला एक पोरगा असे. तो कांच पुसे, चाकाखालीं दगड लावी, दोरखंड आंवळी, चहा आणी आणि शिव्या खाई. मोकळ्या रस्त्यावर उस्ताद त्याच्या हातीं घडीभर चाक देई. चार-पांच वर्षांत तो पोरगा ड्रायव्हर होई. ही पद्धत निर्दोष होती असें कोणी म्हणणार नाहीं. तींत पोरवयाच्या मुलांची पिळवणूक होती, आणि शिक्षण सारें बेकायदेशीर होतें. परंतु देशांतील बहुसंख्य मालमोटारचालक याच शाळेंतून बाहेर पडले. भाड्याची चढाओढ वाढली तसा मालकांनीं खर्चांत काटछाट केली, आणि पहिली कुऱ्हाड या पोरावर पडली. जुनी शाळा बंद झाली. तिच्या जागीं नवी पुरेशी निघाली नाहीं.

कायद्याच्या वाटेनें जाणाऱ्या तरुणाचा मार्गही लांबच आहे. मालवाहू वाहनासाठीं वयाचीं वीस वर्षें पुरीं हवींत, आणि त्यापूर्वीं हलक्या वाहनाचा परवाना निदान एक वर्षाचा हवा. आठवी उत्तीर्ण असण्याची अट २०१९ सालीं काढून टाकण्यांत आली, हें योग्यच झालें. कामाच्या तासांविषयीं १९६१ सालीं मोटारवाहतूक कामगारांचा कायदा झाला व त्यानें साधारणतः आठ तासांचा दिवस ठरविला; परंतु पांचांहून कमी कामगार असलेल्या मालकास तो लागू नव्हता, आणि खेड्यापाड्यांतील बहुतेक मालक एक-दोन गाड्यांचेच.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा आहे असें मात्र नाहीं. ब्रिटनमध्यें २०२१ सालीं तेथील वाहतूकदारांच्या संघटनेनें सुमारें एक लाख चालकांची तूट सांगितली होती. त्या वर्षाच्या सप्टेंबरांत तेथें पेट्रोलसाठीं रांगा लागल्या, आणि ऑक्टोबरच्या प्रारंभीं तेलाच्या गाड्या हांकण्यास सैन्यांतील माणसें बोलवावीं लागलीं. तेथेंही दिलेलीं कारणें ओळखीचींच होतीं: म्हातारे होत चाललेले चालक, रात्रीच्या मुक्कामाची गैरसोय, तरुणांची नाखुषी. फरक इतकाच कीं, तेथें तूट पडतांच चालकांचें वेतन झपाट्यानें वाढलें. आपल्याकडे वाढलेलें भाडें चालकापर्यंत पोंचण्यापूर्वीं मालक, दलाल व डिझेल यांच्यांत वांटलें जातें.

रेल्वेचा आधार घ्यावा असें सुचविणें सोपें आहे. ऑक्टोबर २०२० मध्यें नागपुराहून दिल्लीकडे संत्रीं नेणारी किसान रेल्वे सुरू झाली. फळें-भाजीपाल्याच्या भाड्यांत निम्मी सवलत होती व बागाईतदारांनीं तिचें स्वागत केलें. सवलतीची मुदत मार्च २०२२ अखेर संपली, आणि त्या गाड्यांचा जोर ओसरला. खापरखेड्याहून जाणारा छिंदवाड्याचा जुना अरुंद रूळमार्गही आतां रुंद झाला आहे. परंतु रेल्वे कोळशासारखा भरगच्च माल आनंदानें उचलते. दहा टन संत्र्यांसाठीं ती बागेच्या बांधाशीं येत नाहीं. रस्त्यांची तर उणीव राहिलीच नाहीं. नागपूर-मुंबई हा ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग जून २०२५ मध्यें पुरा झाला. पैसा रस्त्यांत ओतला गेला, त्याच्या शतांशानेंही तो हांकणाऱ्याच्या विश्रांतीवर खर्च झाला असता, तर आज चित्र कदाचित् वेगळें दिसतें.

कांहीं हालचाल होत आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मालमोटारींत चालकाची बैठक वातानुकूलित असणें सक्तीचें झालें आहे. विदर्भाच्या उन्हाळ्यांत इंजिनाशेजारीं बसून ज्यानें मे महिना काढला आहे, त्याला ही चैन वाटणार नाहीं. देशभर चालकांसाठीं प्रशिक्षणकेंद्रें काढण्याची योजनाही जाहीर झाली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायमूर्तींच्या पीठानें ६ नोव्हेंबर २०२४ रोजीं असा निर्णय दिला कीं, हलक्या वाहनाचा परवाना असलेल्यास साडेसात टनांहून कमी वजनाचें मालवाहू वाहन निराळ्या नोंदीवांचून चालवितां येईल. या एका निर्णयानें सावनेर-काटोलकडच्या शेतकऱ्यांच्या मुलांना स्वतःच्या लहान गाडींत दोन-तीन बागांचा माल एकत्र करून रातोरात कळमन्यास नेणें सुकर झालें. कळमन्याच्या पुढची दिल्ली-कोलकात्याची वाट मात्र मोठ्या गाडीचीच आहे. आणि त्या गाडीची शोधाशोध दर वर्षीं आंबिया बहार पिवळा होण्यापूर्वीं, सप्टेंबरांतच, सुरू होते.