घरी मोठे कपाट करताना

आमच्या घरी लाकूडकाम नेहमी देवउठनी ग्यारशीनंतरच निघते. थंडीत लाकूड पावसाळ्याइतके फुगलेले नसते आणि वैशाखाइतके सुकलेलेही नसते. दोन्हीकडची सवड धरून माप घेता येते.

माप म्हटले की मला माझीच फजिती आठवते. माडीवरच्या खोलीचे छत बरोबर ८ फूट, म्हणजे ९६ इंच. कपाट ठरवले ९४ इंच उंच, २४ इंच खोल. दोन इंच शिल्लक, म्हणून मी निश्चिंत! मिस्त्रींनी ते जमिनीवर आडवे जोडले. चौघांनी उभे करायला घेतले आणि कोपरा छताला अडला. आडवे कपाट उभे होताना त्याचा कर्ण फिरतो, आणि तो होता ९७ इंच. बँकेत जन्मभर बेरजा तपासल्या, पण शाळेतले पायथागोरस तेव्हा आठवले नाहीत. कपाट खोलून पुन्हा जोडावे लागले.

उपाय सोपा आहे. खालची ४ इंचांची बैठक वेगळी करावी. मग उरलेल्या ९० इंचांचा कर्ण साधारण ९३ इंच होतो. कपाट आरामात उभे राहते, नंतर उचलून बैठकीवर ठेवायचे. जिन्याचे वळणही आधी मोजून घ्या.

सांगाडा प्लायचा चालतो. ८ बाय ४ फुटांच्या पाटीवर आय.एस. ३०३ किंवा ७१० हा शिक्का पाहावा. ओल येणाऱ्या भिंतीजवळ ७१० घ्यावा. दारे मात्र सागवानी करायची तर लक्षात ठेवा, लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत बदलते. दीड फूट रुंद फळी ऋतूनुसार ३-४ मिलिमीटर कमीजास्त होऊ शकते. म्हणून ती चौकटीच्या खोबणीत सैल बसवतात, डिंक किंवा खिळा न लावता. मी एकदा हौसेने फेव्हिकॉल भरला होता, फळी मधोमध तडकली.

थंडीची एक अडचणही आहे. पारा १० अंशांच्या आसपास उतरला की पांढरा डिंक नीट धरत नाही, आणि पौषात आपल्याकडे रात्री तो उतरतोच. सांधे सकाळी अकरानंतर जोडावेत, शिकंजा दुसऱ्या दिवसापर्यंत सोडू नये. मिस्त्री घाई करतात, त्यांना चहा पाजून थांबवावे.

लाखेचे पॉलिशही भर दुपारीच लावावे. दमट हवेत ते पांढरट पडते.