माशाचे वजन आणि गवताचे

मराठीच्या प्राध्यापकाने गळ टाकावा, हे आमच्या सौभाग्यवतींना अजून पटलेले नाही! पण मोताळा तालुक्यात, नलगंगा धरणाच्या काठी मला जो धडा मिळाला, तो एकाही पुस्तकात नव्हता.

मरळ मासा कल्ले असूनही हवा घ्यायला वर येतो आणि पाणगवतातून रबरी बेडकावर झडप घालतो. ‘मासा दोन किलोचा, दहा पौंडांची दोरी पुष्कळ!’ हे माझे गणित. मासा गवतात घुसला, दोरी तटकन तुटली. तो तोंडात गळ घेऊनच गेला.

काठावरचे एक वृद्ध भोई म्हणाले, “सर, वजन माशाचं नाही, गवताचं धरा.”

तेव्हापासून ३० ते ५० पौंडांची, म्हणजे सुमारे १४ ते २३ किलोंचा ताण सोसणारी विणलेली दोरी मी घेतो. तेवढ्याच ताकदीच्या तंगुसापेक्षा ती बारीक असते, फारशी ताणतही नाही. दगडावर मात्र लवकर झिजते. गाठ ओली करूनच आवळावी.

पिल्लांचा तांबूस थवा दिसला, की मी गळ आवरतो. तेथे आईबाप राखणीला असतात. तो तुटलेला गळ अजून माझ्याच मनात रुतून बसला आहे.