रजेला नातेवाईक हवा

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. मुलगा तुरुंगात आणि त्याच्या मनात आई, हे चित्र मराठी वाचकाच्या ओळखीचे आहे. आईच तुरुंगात गेली तर नात्यांचे काय होते, याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही.

३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांत स्त्रिया २३,७७२, म्हणजे शंभरात जेमतेम चार. पेठ-सुरगाण्याकडून नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात मुलाखतीला (तुरुंगातल्या भेटीला हाच शब्द आहे) यायचे, तर दिवसाची मजुरी बुडते. पुरुषासाठी आई, बायको, बहीण ती बुडवतात. बाईसाठी कोण बुडवणार? सासर लाजेने पाठ फिरवते. खटला सासरच्याच माणसाच्या खुनाचा असेल तर विषयच संपला. माहेरी धाकटीचे लग्न व्हायचे असते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात तुरुंगवास हे घटस्फोटाचे कारण नाही, त्यामुळे कागदावर लग्न टिकते. नवरा मात्र यायचा थांबतो.

इथवर हा समाजाचा दोष म्हणता येईल. पण नियमही याच तुटलेल्या नात्यावर उभे आहेत. शिक्षा झालेल्या बंद्याला काही काळाने घरी जाता यावे, घरच्यांशी संबंध टिकावा, म्हणून महाराष्ट्रात संचित रजा आहे. १९५९ च्या नियमांतील सहावा नियम सांगतो की, बंद्याला ठेवून घ्यायला तयार असलेला आणि जामीनपत्र लिहून देणारा नातेवाईक असल्याशिवाय ही रजा मिळणार नाही. नाती जपण्यासाठीची सवलत अशी ज्याची नाती शाबूत आहेत त्यालाच मिळते. नियम लिहिताना कैदी म्हणजे पुरुष, आणि घरी त्याची वाट पाहणारी बाई, हेच गृहीत धरले असावे.

मुलांचे प्रकरण आणखी अवघड. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालानुसार मूल सहा वर्षांचे होईपर्यंत आईजवळ तुरुंगात राहू शकते. पुढे आईच्या इच्छेनुसार योग्य पालकाकडे, नाहीतर संस्थेत. सहा वर्षे अंगाशी वाढलेले मूल मग मुलाखतीपुरते उरते, तेही कोणी घेऊन आले तर. ते अठरा वर्षांचे झाले की कायद्याने आईला जामीन राहू शकते. तोवर बारा वर्षे गेलेली असतात.